ताईंपर्यंत न पोचलेली सूचना: एका वार्तापत्राचं प्रकरण

रविवारी पाचला दहा कमी असताना ताई सभागृहापाशी पोचल्या. दाराला कुलूप होतं. पांढऱ्या काठीनं त्यांनी पायऱ्या चाचपल्या, जागा बरोबर असल्याची खात्री केली आणि कठड्याला टेकून थांबल्या. किल्ली घेऊन कोणीतरी येईल असं त्यांनी धरलं होतं. साडेपाचला त्यांचा आवाजी निरोप माझ्या फोनवर आला: "सभा रद्द झाली का? मी दाराशीच आहे."

सभा रद्द झाली नव्हती. ती पलीकडच्या ग्रंथालयात चारला सुरू झाली होती आणि एव्हाना संपत आली होती. जागा आणि वेळ बदलल्याची सूचना आदल्या रात्री मीच सगळ्यांना पाठवली होती, ताईंनाही. त्या सभेपुढचा मुख्य विषय होता सभागृहाच्या पायऱ्यांना उतार बांधण्याचा.

आमचं वार्तापत्र आठ पानी आहे आणि महिन्यातून एकदा निघतं. दोन अंकांच्या मधल्या सूचना फोनवरच्या गटात जातात. हे काम आम्ही तिघं करतो: काका संपादन बघतात, मांडणी एक तरुण सहकारी करते आणि सूचना पाठवण्याचं काम माझ्याकडे आहे. तिघांनाही यातून काही मिळत नाही, मिळावं अशी अपेक्षाही नाही. गावगाड्यातली बातमी सगळ्यांना कळावी, एवढ्याचसाठी हे चालतं. म्हणूनच त्या रविवारचा निरोप इतका लागला. पुढं जे घडलं ते इथं सविस्तर मांडतो, कारण अशी छोटी वार्तापत्रं, सूचनाफलक आणि फोनवरचे गट जिथं जिथं आहेत, तिथं तिथं हीच चूक रोज होत असते. ताईंनी हा मजकूर आधी ऐकला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं आहे.

माझी सूचना म्हणजे एक चित्र होतं. फिकट नारिंगी पार्श्वभूमी, वर नक्षीदार अक्षरांत मजकूर आणि कोपऱ्यात लाउडस्पीकरचं चिन्ह. ताईंच्या फोनमधल्या स्क्रीन रीडरनं, म्हणजे पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, ते कसं वाचलं, हे मी नंतर त्यांच्याकडे बसून ऐकलं: माझं नाव, "फोटो" आणि पाठवल्याची वेळ. बस्स. मी काहीतरी पाठवलंय एवढंच त्यांना कळलं. रोज सकाळी गटात फुलांची आणि शुभेच्छांची पंधरा-वीस चित्रं येतात, त्यांतलंच हेही एक असणार असं समजून त्या पुढे गेल्या. यात त्यांचं काय चुकलं?

"आम्हाला वाटलं, घरचं कोणीतरी वाचून दाखवत असेल," असं काका त्यांना म्हणाले. तसं आम्हा तिघांनाही वाटत होतं, पण आमच्यापैकी कोणीही ते कधी विचारलं नव्हतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमची पत्रं कोणीतरी वाचून दाखवतं का?" थोडं थांबून त्यांनी सांगितलं की त्या रात्री घरी कोणीच नव्हतं. असतं तरी रोजच्या वीस चित्रांतलं महत्त्वाचं कुठलं हे विचारायला दर वेळी माणसाला हाक मारायची, त्याच्या सवडीची वाट बघायची आणि तो जे गाळेल ते गेलं असं धरायचं. त्या नोकरी करतात, संगणकावर हिशेब ठेवतात, एकट्या प्रवास करतात. बातमी तेवढी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावी लागते, आणि ती तशी ठेवली होती आम्ही.

आवाज ऐकल्यावर

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं ताईंकडे गेलो. आमचा ताजा अंक त्यांच्या संगणकावर उघडला आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू केला. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याच्या जोडीला आला. आज जगभर ते वापरलं जातं आणि त्यातल्या आवाजाला मराठीही येतं. म्हणजे ताईंच्या बाजूनं साधनांची काहीच उणीव नव्हती.

पहिल्या पानाचं शीर्षक आलं आणि आवाज म्हणाला: "एम, ए, आर, ए, झेड, आय." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं: "मराठी".

कारण मांडणी करणारीच्या लक्षात आलं. आमचा अंक वर्षानुवर्षं एका जुन्या फाँटमध्ये टाइप होत होता. अशा फाँटमध्ये फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच, असतात इंग्रजी अक्षरं, आणि त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. अर्ध्या म साठी एक कळ, कान्यासाठी दुसरी. दोन्ही मिळून डोळ्यांना म दिसतो. डोळा फसतो, कान फसत नाही. संगणकाच्या दृष्टीनं ते सहा इंग्रजी अक्षरांचं निरर्थक गाठोडं असतं. ताईंनी इतकी वर्षं आमचा अंक "उघडून बंद केला", असं त्या म्हणाल्या. आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला जागा पहिल्याच आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे.

"मग युनिकोड फाँट लावला की झालं," मी म्हणालो. मांडणी करणारीनं तिथंच एक पान बदलून त्याची पीडीएफ काढली. आता आवाज मराठी बोलू लागला, पण अडखळत. "किती" हा शब्द तो "इ" पासून सुरू करत होता. ऱ्हस्व वेलांटी आपण क च्या आधी काढतो, पण मजकूर साठवताना ती क च्या नंतर येते, कारण उच्चार तसा आहे. पीडीएफ हे मुळात छापील पानाचं चित्रण. कुठलं चिन्ह पानावर कुठं बसवायचं हे त्यात लिहिलेलं असतं. त्या चिन्हांमागचा खरा मजकूर सॉफ्टवेअरनं नीट जोडला नसेल, तर वेलांटी जशी दिसते तशीच आधी वाचली जाते आणि जोडाक्षरं फुटतात. शिवाय आमचं पान दोन स्तंभांचं होतं. दोन ठिकाणी आवाज डाव्या स्तंभातली ओळ संपवून थेट उजव्या स्तंभातल्या ओळीत गेला, त्यामुळे निधनवार्तेतलं अर्धं वाक्य क्रीडास्पर्धेच्या निकालाला चिकटलं. हे ऐकताना खोलीत कोणी काही बोललं नाही.

एक प्रश्न हमखास येतो, तेव्हा त्याचं उत्तर इथंच देतो. फोन आता चित्रातला मजकूरही ओळखतात, मग अडचण काय? ओळखतात, आणि ताई ती सोय वापरतातही. पण नक्षीदार अक्षरं, फोटोवर छापलेला मजकूर, रकान्यांचं वेळापत्रक आलं की त्या ओळखण्यात चुका होतात. चूक झाली तर ती झाली हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. "शुद्धलेखनाची चूक मी समजून घेते. पण ४ चे ७ झाले तर मी कुठल्या तरी बंद दाराशी उभी असते," असं त्यांनी सांगितलं.

ध्वनिमुद्रणाची चूक

यानंतर आम्ही जे केलं ते चांगल्या मनानं केलं, आणि तरी ते चुकलं. काकांनी सुचवलं की अंक वाचून ध्वनिमुद्रित करू. त्यांचा आवाज चांगला आहे, वाचन आणखी चांगलं. पहिलं मुद्रण सव्वा तासाचं झालं. लोकांनी कौतुक केलं, ताईंनीही मनापासून आभार मानले. तीन महिन्यांत त्यातल्या अडचणी एकेक करून वर आल्या.

सगळ्यांत मोठी अडचण वेळेची. छापील अंक निघाल्यावर काका वाचायला बसत. सर्दी झाली, पाहुणे आले, शेजारी बांधकाम सुरू झालं, की मुद्रण पुढे जाई. ध्वनिअंक सरासरी चार-पाच दिवस उशिरा येई. तोवर आरोग्य तपासणी होऊन गेलेली असे आणि अर्जांची मुदत संपलेली असे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात याबद्दल नेमका शब्द आहे. आमसभेनं तो १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला आणि ३ मे २००८ पासून तो अमलात आला. त्यातलं २१ वं कलम सांगतं की सर्वसामान्य लोकांसाठी असलेली माहिती अपंग व्यक्तींना त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात, वेळेवर आणि जादा खर्चाविना मिळाली पाहिजे. "वेळेवर" हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. पाच दिवसांनी मिळालेल्या बातमीला बातमी म्हणता येत नाही.

दुसरी अडचण ऐकण्याच्या रीतीची. स्क्रीन रीडर सराईतपणे वापरणारी माणसं आपण बोलतो त्याच्या कितीतरी पट वेगानं ऐकतात. मला तर त्या आवाजातला एक शब्द कळला नाही. शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत, नको ते टाळत, हवं तिथं थांबत ताई वाचतात, आपण नजर फिरवतो तशाच. सव्वा तासाच्या मुद्रणात तसं फिरता येत नाही. एखादं नाव दीर्घ ऊकारानं लिहायचं की ऱ्हस्व हे कानाला कळत नाही. दूरध्वनी क्रमांक तिथून उचलून जुळवता येत नाही. मागच्या वर्षीची एखादी सूचना शोधता येत नाही.

तिसरी अडचण आमच्या ध्यानातही आली नसती. आमच्या वाचकांत एक गृहस्थ आहेत, त्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ते ब्रेल डिस्प्ले वापरतात: फोनला जोडायची एक पट्टी, तिच्यावर सहा टिंबांची अक्षरं बोटाखाली वरखाली होतात. त्या पट्टीला मजकूर लागतो; चित्र किंवा ध्वनी दिला तर ती कोरीच राहते. अंधांसाठी म्हणून आम्ही केलेली सोय त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. एका बहिऱ्या जोडप्यानं लिहून विचारलं की ध्वनिअंकात काका मधेमधे जे खुलासे करतात ते छापील अंकात का नसतात. आम्ही नव्या भिंती बांधत होतो, फक्त दुसऱ्या बाजूला.

काकांना हे सांगणं अवघड गेलं. त्यांनी खूप मन लावून काम केलं होतं. ताईंनीच ते सोपं केलं: "काका, कथा वाचा, मी ऐकीन. नोटीस मात्र मला माझी वाचू द्या."

मूळ प्रत कुठली?

मग मांडणी करणारीनं एक साधा प्रश्न विचारला आणि सगळं काम उलटं फिरलं. तिनं विचारलं, "आपली मूळ प्रत कुठली?" आजवर मूळ प्रत होती सजवलेलं पान, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी नंतर काहीतरी वेगळं. ती म्हणाली, मूळ प्रत मजकुराची करू. साधा युनिकोड मजकूर, त्यात शीर्षकं शीर्षक म्हणूनच खुणा केलेली. त्यातूनच छापील पान काढायचं, फोनवरची सूचना काढायची, मोठ्या टाइपाची प्रत काढायची, ब्रेलची फाइल काढायची. जे उशिरा निघेल ते सजलेलं पान असेल, मजकूर नाही.

माझ्या मते या प्रकरणातला खरा बदल इथं झाला. नंतर केलेलं बरंचसं काम याच्याच पोटातून आलं. वेगळी, खास प्रत काढायची म्हटलं की ती नेहमी शेवटी येते आणि दमलेल्या माणसाच्या हातून येते. एके दिवशी ती येतच नाही, आणि ती आली नाही हे ज्यांना कळतं त्यांचा आवाज तक्रार करण्याइतका मोठा नसतो.

रूपांतर काही सुखाचं नव्हतं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं मिळतात, पण ती "ऱ्या" आणि "र्या" यांत गोंधळ घालतात, एखादा श्र किंवा द्य मोडतात, आणि इंग्रजी आकड्यांना कधीकधी भलतंच काही समजतात. त्यामुळे ओळ न् ओळ तपासावी लागली. आणखी एक गोष्ट ताईंच्या संगणकावर कळली. देवनागरी म्हटलं की काही आवाज ती हिंदीच समजतात. मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण फाइलमध्ये नसेल, तर ४९ चा उच्चार "उनचास" होतो आणि तारखा परक्या वाटू लागतात. ही खूण करायला एक मिनिट लागतं. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या सगळ्यांत प्राथमिक पातळीवरच ही अट आहे. आम्ही ती कधी ऐकलीही नव्हती.

फोटोंच्या वर्णनांवर वाद झाले. स्क्रीन रीडरला वाचता यावं म्हणून प्रत्येक फोटोमागे दोन ओळींचं वर्णन द्यायचं ठरलं. मी पहिल्यांदा लिहिलं: "कार्यक्रमाचे छायाचित्र." ताई म्हणाल्या, हे तर मला बातमीवरूनच कळलं. मग मी पाच ओळी लिहिल्या, त्यात पडद्याचा रंगही आला. तेही नको होतं. शेवटी जे ठरलं ते असं: बघणाऱ्याला त्या फोटोतून जी नवी गोष्ट कळते, ती लिहायची. "पाणपोईचा नळ कमरेच्या उंचीवर आहे, चाकाच्या खुर्चीतला मुलगा स्वतः पेला भरतो आहे." बातमीत नळाची उंची लिहिली नव्हती, फोटोत ती होती. नुसत्या शोभेच्या चित्राला वर्णन द्यायचं नाही, स्क्रीन रीडरनं ते सोडून द्यावं अशी खूण करायची.

छापील प्रतीतही बदल झाले, आणि ते सुचवले एका आजींनी. त्यांच्या नजरेचा मधला भाग वयामुळे गेला आहे, कडेनं थोडं दिसतं. फिकट नारिंगीवर पांढरी अक्षरं त्यांना दिसतच नव्हती. डब्ल्यूसीएजीप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ ला १ असावा लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर काळं हे प्रमाण २१ ला १ येतं. आमची सूचना मोजली तेव्हा ती मोठ्या अक्षरांच्या अटीतही बसली नाही. आजींसाठी १८ पॉइंटातली प्रत काढली तेव्हा ती आणखी कितीतरी जणांनी मागून घेतली. त्यांतल्या कोणाचीही नजर गेलेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात म्हटलंय की जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, दर सहा माणसांत एक. आम्ही आजवर ज्यांच्या हातात काठी किंवा खाली चाकं दिसतात तेवढेच मोजत होतो.

सूचनेची भाषा

मजकूर मूळ प्रत झाला तेव्हा त्याच्याकडे नीट बघणं भाग पडलं. त्या रविवारची माझी सूचना अशी होती:

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अपरिहार्य कारणास्तव रविवारी आयोजित करण्यात आलेल्या सभेच्या स्थळात बदल करण्यात आला असून सदर सभा ग्रंथालयात पूर्वनियोजित वेळेच्या एक तास अगोदर घेण्यात येईल, तरी याची नोंद घेऊन सहकार्य करावे."

नजर शाबूत असलेल्या माणसानंही ही दोनदा वाचावी. पूर्वनियोजित वेळ कुठली, हे आठवत असेल तरच नवी वेळ कळते. बहिऱ्या जोडप्याची पहिली भाषा खुणांची आहे, लिखित मराठी त्यांच्यासाठी शिकलेली दुसरी भाषा. "सदर", "असून", "तरी" यांच्या गुंत्यातून वाट काढताना मुख्य क्रियापद हरवतं, असं त्यांनी सांगितलं. आमच्यातला एक तरुण आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे. तो सावकाश वाचतो, पण वाचतो. त्याला "अपरिहार्य कारणास्तव" समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं की त्या शब्दांत सांगण्यासारखं काही नव्हतंच.

आता तीच सूचना आम्ही अशी देतो:

"रविवारच्या सभेची जागा आणि वेळ बदलली आहे. नवी जागा: ग्रंथालयाची वाचनखोली, तळमजला. नवी वेळ: दुपारी ४. आधी ती ५ ला होती. सभागृहात विजेची दुरुस्ती चालू आहे. ग्रंथालयाच्या दारात एक पायरी आहे."

काकांना आधी हे फार रोडकं वाटलं. त्यांनी आयुष्यभर कार्यालयीन मराठी लिहिली आहे आणि तिच्यातला आदर त्यांना सोडवत नव्हता. मला त्यांचं म्हणणं समजतं. पण त्या आदरापायी माणूस दाराबाहेर राहत असेल, तर तो आदर मला नको वाटतो. पुढच्या महिन्यात तो तरुण सभेला एकटा आला, बरोबर वेळेवर, आणि आपण सूचना स्वतः वाचली हे त्यानं दारातच सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर काकांनी "सदर" हा शब्द स्वतःहून सोडला.

"सर्वांसाठी खुला"

वरच्या सूचनेतलं शेवटचं वाक्य, पायरीबद्दलचं, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या एका वाचकामुळे आलं. ते सूचना वाचू शकत होते. त्यांची अडचण अशी की "कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे" हे वाचून ते जात आणि तीन पायऱ्यांपाशी थांबत. मग चौघं जण त्यांना खुर्चीसकट उचलत. उचलणाऱ्यांचा हेतू चांगला, पण ते म्हणाले, "मी सामान नाही. आणि कोणाचा हात सुटला तर पडणार मी."

तेव्हापासून कार्यक्रम छापून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही काही गोष्टी विचारतो. पायऱ्या किती, दार किती रुंद, आत खुर्ची वळवायला जागा आहे का, स्वच्छतागृहात ती जाते का, ध्वनिक्षेपक असेल का, खुणांच्या भाषेतला दुभाषी असेल का, बोलणं लिहून दाखवायची काही सोय आहे का. उत्तर "नाही" असलं तरी आम्ही छापतो. हे आयोजकांना आवडलं नाही. "नाही" छापलं की कार्यक्रमाची बदनामी होते असं एकानं सांगितलं. आमचं म्हणणं एवढंच की पायऱ्या तिथं आहेतच. त्या घरी बसून कळाव्यात की दारात, हा प्रश्न आहे.

उताराच्या बाबतीत एक हिशेब मुद्दाम देतो, कारण यात सगळीकडे चूक होते. सभागृहाच्या तीन पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटिमीटर. समितीनं ठरवलं होतं दीड मीटरची पत्र्याची फळी टाकायची. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत चाकाच्या खुर्चीसाठी जास्तीत जास्त चढ १ ला १२ मानतात, म्हणजे १ सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर लांबी. ४५ सेंटिमीटरला ५४० सेंटिमीटर लागतात, जवळजवळ साडेपाच मीटर. दीड मीटरची फळी साधारण १ ला ३ इतकी उभी होते. तिच्यावर हातांनी खुर्ची चढवणं जवळपास अशक्य, आणि उतरताना ती पुढे कलंडण्याची भीती. शिवाय दारापुढे खुर्ची वळायला सुमारे १५० सेंटिमीटर सपाट जागा हवी, नाहीतर उतारावर तोल सांभाळत दार उघडावं लागतं. हा हिशेब आम्ही अंकात आकृतीसह छापला, आणि आकृती शब्दांतही लिहिली. समितीनं फळीचा विषय मागे घेतला आणि बाजूच्या भिंतीलगत वळणाचा उतार आखला. तो अजून बांधून झालेला नाही.

बाकीही बरंच बाकी आहे. जुने अंक जुन्याच फाँटमध्ये पडून आहेत, त्यांतले मोजकेच आम्ही बदलू शकलो. गटात लोक अजूनही चित्रं पाठवतात. ज्याला माहीत आहे तो खाली मजकूर टाइप करतो, बाकीच्यांना आम्ही विनंती करतो, आणि कधीकधी ती विनंती त्यांना खटकते. चित्रफितींना आपोआप येणारी मराठी उपशीर्षकं नावं आणि आकडे हमखास चुकवतात, आणि ती सुधारायला आमच्याकडे माणूस नाही. खुणांच्या भाषेतली बातमी आम्ही एकदाही देऊ शकलेलो नाही, आणि बहिऱ्या जोडप्याला त्याचं वाईट वाटतं हे मला माहीत आहे.

अंक निघण्याआधीचं शेवटचं वाचन आता ताई करतात, म्हणजे ऐकतात. हे काम त्यांनी मागून घेतलं. पहिल्याच खेपेला त्यांनी अशी चूक काढली की काकांसारख्या मुरलेल्या संपादकाच्याही ती हयातभर नजरेत आली नव्हती. विसर्गाच्या जागी आम्ही सगळीकडे अपूर्णविरामाची दोन टिंबं टाइप करत होतो. दिसायला दोन्ही सारखीच. त्यांच्या कानाला "स्वतः" हा शब्द प्रत्येक वेळी मधेच तुटून दोन तुकड्यांत येत होता. काकांनी त्या अंकातले सगळे विसर्ग शोधून बदलले. रात्री नऊला फाइल परत गेली, आणि पंधरा मिनिटांत ताईंचा आवाजी निरोप आला: "पान ५ वर एक राहिलाय, 'दुःख' मध्ये. बाकी अंक सोडा."